समुद्री गोगलगाय उजेड टाळायला शिकते तेव्हा तिच्या डोळ्यात काय बदलतं?

समुद्रफेन

मागे एका धाग्यावर "आठवण मेंदूत नेमकी राहते कुठे" यावरून बरीच जुंपली होती. तिथे मी ओझरता हर्मिसेंडाचा उल्लेख केला आणि दोघा-तिघांनी सविस्तर लिहा म्हणून सांगितलं. विषय लांबलचक आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय. जीवशास्त्र शाळेनंतर सोडलेल्यांनीही वाचावा, जड शब्द जमतील तितके टाळले आहेत.

हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस ही उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, कवच नसलेली समुद्री गोगलगाय. काही सेंटिमीटर लांब, पाठीवर बोटांसारख्या मऊ नळ्यांची दाटी, अंगावर निळसर-पांढऱ्या रेघा आणि नारिंगी पट्टा. दिसायला देखणी, वागायला खडूस. हायड्रॉइड नावाचे डंख मारणारे जीव खाते आणि त्यांचे डंख न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या नळ्यांच्या टोकाशी साठवून स्वसंरक्षणाला वापरते. (यावर वेगळा धागा होईल, इथे नको.)

तिला डोळे दोन. प्रत्येक डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी किती? फक्त ५. त्यातल्या २ ए प्रकारच्या आणि ३ बी प्रकारच्या. एवढ्यात चित्रबित्र दिसणं शक्य नाही. उजेड आहे की नाही, किती आहे आणि साधारण कुठल्या बाजूला आहे, इतकंच कळतं.

या गोगलगायीच्या दोन सवयी उपजत आहेत. एक, उजेडाकडे सरकणं. दुसरी, पाणी खवळलं की पाऊल (अंगाखालचा, सरकायला वापरायचा स्नायूंचा तळवा) आखडून तळाला चिकटून बसणं. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत डॅनियल अल्कन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या दोन सवयींची गाठ घालून पाहिली. गोगलगायी पाण्याने भरलेल्या नळ्यांमध्ये ठेवायच्या, नळ्या फिरत्या तबकडीवर आडव्या बसवायच्या, आणि उजेड पाडायचा त्याच वेळी तबकडी फिरवायची. फिरणं म्हणजे तिच्या दृष्टीने खवळलेलं पाणी. रूढ पद्धत अशी की दिवसाला ५० वेळा ही जोडी द्यायची, असे सलग ३ दिवस. नंतर नुसता उजेड दाखवून ती त्याच्याकडे जायला किती वेळ लावते ते मोजायचं.

शिकलेली गोगलगाय रेंगाळते. हा बदल काही दिवस, कधी त्याहूनही जास्त टिकतो. क्रो आणि अल्कन यांनी तो १९७८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला.

इथवर पाव्हलॉव्हचीच गोष्ट (घंटा ऐकून लाळ गाळायला शिकलेला कुत्रा), फक्त कुत्र्याच्या जागी गोगलगाय. माझ्या दृष्टीने खरी मजा पुढे आहे. शिकलेल्या गोगलगायीच्या डोळ्यातल्या बी पेशीत सूक्ष्म विद्युताग्र (इलेक्ट्रोड) खुपसून पाहिलं तर ती पेशीच बदललेली आढळते. तोच, तेवढाच उजेड टाकला तरी ती आधीपेक्षा जास्त उत्तेजित होते, आणि दिवा बंद केल्यावरही तिची उत्तेजना लवकर उतरत नाही. म्हणजे शिकण्याची खूण मेंदूच्या आतल्या एखाद्या कप्प्यात शोधायच्या आधीच, उजेड जिथे पहिल्यांदा टिपला जातो त्या पेशीत सापडते.

प्रश्न येऊ द्या, पुढचं त्यांच्या अनुषंगाने लिहीन.

शंकेखोर

धागा आवडला, पण माझ्या नावाला जागतो. तीन दिवस तबकडीवर गरगर फिरवलेला कुठलाही प्राणी मंदच होणार. याला "शिकणं" कशावरून म्हणायचं? थकवा, दुखापत, चक्कर, काहीही असू शकेल.

जुनी वही

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे आणि मानसशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगाला तो पहिल्यांदा विचारायलाच हवा. त्याचं उत्तर तुलनेच्या गटांत असतं. काही गोगलगायींना नुसता उजेड दिला, काहींना नुसतं फिरवलं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काहींना उजेड आणि फिरणं दोन्ही तितकंच दिलं, पण एकमेकांशी वेळ न जुळवता, विस्कळीतपणे. थकवा हे कारण असतं तर या शेवटच्या गटातल्या गोगलगायीही तेवढ्याच मंदावल्या असत्या. तसं होत नाही. जोडीने मिळालेल्या गटातच बदल ठळक दिसतो. दोन घटना एकत्र येतात, हे त्या प्राण्याच्या लक्षात राहिलं असा याचा अर्थ. अभिजात अभिसंधान म्हणतात ते हेच.

आणखी एक पुरावा मला जास्त पटतो. नुसती मंदावली असती तर प्रतिसाद फक्त कमी झाला असता. इथे प्रतिसादाचं स्वरूपच पालटतं. न शिकलेल्या गोगलगायीवर उजेड पडला की तिचं पाऊल लांब होतं, ती पुढे सरकायच्या तयारीत येते. शिकलेलीवर तोच उजेड पडला की पाऊल आखडतं, म्हणजे खवळलेल्या पाण्यात करते तेच ती आता नुसत्या उजेडात करते. लेडरहेंडलर, गार्ट आणि अल्कन यांचं हे काम १९८६ चं. थकलेला प्राणी असं करणार नाही.

शंकेखोर

पाऊल आखडण्याचा मुद्दा मान्य. तो मूळ लेखातच हवा होता.

समुद्रफेन

जुनी वही, धन्यवाद, माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

ओहमकार

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, गोगलगायीशी परिचय शून्य. "पेशी जास्त उत्तेजित होते" म्हणजे विजेच्या भाषेत काय? व्होल्टेज वाढतं की करंट? उजेडातून येणारा करंट वाढला की पेशीचा रोध वाढला? दोन्हींचा परिणाम बाहेरून सारखाच दिसेल.

समुद्रफेन

ओहमकार, नेमका हाच प्रश्न त्या लोकांनाही पडला होता.

आधी एक गोष्ट. आपल्या डोळ्यातल्या प्रकाशपेशी उजेड पडला की आतून अधिक ऋण होतात, म्हणजे एका अर्थी गप्प होतात. गोगलगायीच्या उलट वागतात. उजेड पडला की त्यांचं आतलं विभव (व्होल्टेज) धनाकडे झुकतं आणि त्या संदेश सोडू लागतात. हे झुकणं रोखून धरायचं काम पोटॅशियमचे आयन करतात. पेशीच्या पटलात पोटॅशियमसाठी वाहिन्या असतात, त्या उघडल्या की पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी पुन्हा मूळ पातळीकडे खेचली जाते.

शिकलेल्या बी पेशीत या पोटॅशियम प्रवाहांपैकी दोन कमी झालेले दिसतात. एक झटकन सुरू होऊन झटकन ओसरणारा, त्याला ए-प्रवाह म्हणतात (ए पेशींशी संबंध नाही, नावांची गल्लत होते). दुसरा पेशीत कॅल्शियम वाढलं की सुरू होणारा. थोडक्यात, गळक्या भांड्याची भोकं काही अंशी बुजवली तर तेवढ्याच धारेने पाणी जास्त वर चढेल आणि नळ बंद केल्यावरही जास्त वेळ राहील, तसं. तुमच्या भाषेत रोध वाढला. बाहेरून मोजलेला निविष्ट रोध (इनपुट रेझिस्टन्स) शिकलेल्या प्राण्यांत खरोखरच जास्त भरतो.

आता ज्या प्रयोगाने मी या विषयाच्या प्रेमात पडले तो. बी पेशीचं मुख्य अंग डोळ्यात असतं, पण इतर पेशींशी तिच्या गाठी पडतात त्या आत, चेतागंडात (चेतापेशींच्या पुंजक्यात), तिच्या तंतूच्या टोकाशी. मग मधला तंतूच कापून टाकला तर? उरलेल्या पेशीला ना शेजाऱ्यांचा निरोप येतो, ना तिचा कुणाला जातो. अशा तोडलेल्या पेशीचं विभव स्थिर धरून आयनप्रवाह मोजले, तरी शिकलेल्या आणि न शिकलेल्या प्राण्यांतला फरक शिल्लक होता. अल्कन, लेडरहेंडलर आणि शौकिमस, १९८२. म्हणजे हा फरक कुणीतरी दुसरी पेशी बी पेशीला चिथावतेय म्हणून दिसत नव्हता. तो तिच्या स्वतःच्या पटलात होता.

ओहमकार

विभव स्थिर धरून करंट मोजला असेल तर शंका उरत नाही. व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात तेच ना? छान. अजून एक: हा फरक शिकण्याचं *कारण* आहे की शिकण्याबरोबर आलेली एक *खूण*? तापात अंग गरम होतं, पण अंग गरम केल्याने ताप येत नाही.

समुद्रफेन

१९८३ मध्ये फार्ली आणि सहकाऱ्यांनी ते उलटून पाहिलं. तबकडी वगैरे काही नाही. जिवंत गोगलगायीच्या एकाच बी पेशीत विद्युताग्र घालून उजेडाच्या जोडीने तिला करंट दिला, शिकताना तिच्यात जे घडतं त्याची नक्कल करून. नंतर त्या प्राण्यांची परीक्षा घेतली तर उजेडाकडे जाण्यात ते मागे पडले. एका पेशीत बाहेरून केलेला बदल वागणुकीत उतरला. कारण-खूण या वादात याहून थेट उत्तर त्या काळात क्वचितच कुणाकडे होतं.

निद्रानाश

वाचतोय. एक अडाणी प्रश्न. डोळ्यातली पेशी उजेडाला *जास्त* प्रतिसाद देऊ लागली तर गोगलगाय उजेडाकडे *जास्त* जायला हवी. ती कमी का जाते?

समुद्रफेन

प्रश्न अजिबात अडाणी नाही. इथेच बहुतेक लेख घसरतात.

डोळ्यातल्या पाचही पेशी एका सुरात बोलत नाहीत. बी पेशी ए पेशींना दाबतात. उजेडाकडे वळण्या-सरकण्याचा आदेश ए पेशींकडून पुढे मधल्या चेतापेशींमार्फत स्नायूंकडे जातो, असं सुरुवातीचं चित्र होतं. त्यामुळे बी जास्त बोलू लागली की ए जास्त दबते आणि चाल मंदावते.

"सुरुवातीचं चित्र" मुद्दाम म्हटलं. १९९३ मध्ये फ्रिझटॅक आणि क्रो यांनी ए पेशींतही शिकल्यानंतरचे बदल दाखवले, आणि तेही दोन्ही ए पेशींत सारखे नाहीत. २००२ मध्ये क्रो आणि टियान यांनी डोळ्याच्या पुढच्या टप्प्यावरच्या मधल्या चेतापेशींकडे पाहिलं. तिथे पोचणारे सिनॅप्समधले (दोन चेतापेशींमधल्या सांध्यातले) संदेशही शिकलेल्या प्राण्यांत बळावलेले होते. पाऊल आखडण्याची वाट तर सरकण्याच्या वाटेहून निराळी आहे. तेव्हा "सगळी आठवण बी पेशीत आहे" असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बी पेशी हा आठवणीचा एक पक्का, मोजता येणारा मुक्काम आहे. एकमेव नाही.

शंकेखोर

हे वाचून बरं वाटलं. लोकप्रिय विज्ञानवाले "आठवणीचा रेणू सापडला" असं दर दोन वर्षांनी जाहीर करतात.

रेणूवेडी

एवढा वेळ गप्प बसले होते, आता राहवत नाही. दोन घटना *एकत्र* आल्या हे पेशीला कळतं कसं, ते कुणी लिहिलंच नाही!

उजेडाची बाजू: उजेड पडला की बी पेशीत कॅल्शियम वाढतं. काही पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटतं, काही विभव बदलल्यामुळे उघडलेल्या वाहिन्यांतून बाहेरून येतं.

फिरण्याची बाजू: गोगलगायीला तोल कळतो तो दोन छोट्या पिशव्यांमुळे, त्यांना स्टॅटोसिस्ट म्हणतात. पिशवीच्या भिंतीत डझनभर केसपेशी, आत बारीक खडे. प्राणी हलला, फिरला की खडे केसांवर दाबतात. या केसपेशींचे तंतू बी पेशींच्या टोकांपर्यंत येतात आणि तिथे गाबा नावाचं रसायन सोडतात. गाबा म्हणजे बहुतेक ठिकाणी गप्प करणारं रसायन. इथेही आधी बी पेशी थोडी दबतेच. पण फिरणं थांबलं की दाबलेली पेशी उसळी घेते, आणि ही उसळी उजेडानंतरच्या रेंगाळणाऱ्या उत्तेजनेत मिसळते. जोडी पुन्हा पुन्हा दिली की उत्तेजनेवर उत्तेजना साचते आणि कॅल्शियम वर राहतं. विस्कळीत दिलं तर हे साचणं होत नाही. दोन घटना एकत्र आल्या हे पेशीला कळतं ते असं!

साचलेलं कॅल्शियम प्रोटीन कायनेज सी या विकराला (एन्झाइमला) जागं करतं, आणि हे विकर पोटॅशियम प्रवाह कमी करतं. फार्ली आणि ऑअरबाख यांनी १९८६ मध्ये हे विकर रसायनाने जागं करून बी पेशीत शिकल्यासारखेच बदल घडवून दाखवले. उजेड नाही, तबकडी नाही.

आणि माझा सर्वांत लाडका शोध १९९२ चा: जोडी दिल्यानंतर गाबाचा बी पेशीवरचा परिणामच उलटतो! आधी गप्प करणारं रसायन आता उत्तेजन देऊ लागतं. तोच रेणू, तीच पेशी, अर्थ विरुद्ध. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं होतं.

ओहमकार

म्हणजे तुमच्या पेशीत गुणाकार करणारं गेट आहे. दोन्ही इनपुट ठरावीक वेळेत आले तरच आउटपुट.

रेणूवेडी

ढोबळ अर्थाने हो. पण गेटचं आउटपुट संपलं की संपलं. इथे गेट वापरल्याने गेटच बदलतं. :)

गाबा हा एकटा खेळाडू नाही, हेही सांगून ठेवते. सेरोटोनिनचाही मोठा वाटा आहे. क्रो यांच्या प्रयोगशाळेने उजेडाच्या जोडीला थेट सेरोटोनिन देऊन एकाच खेपेत शिकवण्याची पद्धत बसवली. तिचा उपयोग असा की कुठला टप्पा कधी सुरू होतो ते वेगळं काढता येतं. थोडा वेळ टिकणारी आठवण नवीन प्रथिनं न बनवताही होते. दीर्घकाळ टिकायची असेल तर पेशीला नवीन प्रथिनं बनवावी लागतात, ती अडवली तर आठवण पुढे जात नाही. उंदरापासून माणसापर्यंत हाच भेद दिसतो.

पानगळ

हे सगळं ॲप्लिशियाचंच नाही का? कँडेल यांना नोबेल मिळालं ते याच गोगलगायीवर ना?

समुद्रफेन

पानगळ, गोगलगाय वेगळी आणि मुद्दाही वेगळा. एरिक कँडेल यांना २००० सालचं नोबेल अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासोबत विभागून मिळालं. त्यांचं बरंचसं काम ॲप्लिशियावर. ती आकाराने खूप मोठी, तिच्या चेतापेशीही अवाढव्य. तिच्या नळीला स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. या प्रतिक्रियेत स्पर्शाची पेशी आणि स्नायूला हुकूम देणारी पेशी यांच्यातला सिनॅप्स बळावतो, हा त्या कामाचा गाभा. तिथेही पोटॅशियमची एक वाहिनी बंद होण्याचा भाग आहेच, त्यामुळे दोन्हींत नातं आहे. पण तिथला भर एका पेशीकडून दुसरीकडे जाणारा निरोप किती जोरकस आहे यावर. हर्मिसेंडात भर आहे तो पेशीची स्वतःची उत्तेजित होण्याची वृत्ती बदलण्यावर.

माझं मत विचाराल तर ॲप्लिशियाच्या प्रसिद्धीमुळे "शिकणं म्हणजे सिनॅप्स बळावणं" हे समीकरण इतकं घट्ट बसलं की पेशीच्या अंगच्या उत्तेजनक्षमतेकडे बराच काळ दुय्यम म्हणून पाहिलं गेलं. हर्मिसेंडावाले ते ८०च्या दशकापासून ओरडून सांगत होते.

जुनी वही

यात भर. हा गोगलगायीपुरता विक्षिप्तपणा नाही. डोळ्यावर हवेची फुंकर आणि त्याआधी आवाज, अशी जोडी देऊन सशाला पापणी मिटायला शिकवतात. अशा सशांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागातल्या) पेशी डिस्टरहॉफ्ट, कोल्टर आणि अल्कन यांनी १९८६ मध्ये तपासल्या. शिकलेल्या सशांत पेशीच्या संदेशानंतर येणारी शिथिलता कमी झालेली होती, आणि तिचा संबंध कॅल्शियमवर चालणाऱ्या पोटॅशियम प्रवाहाशी जोडला जातो. गोगलगायीत जो प्रवाह कमी झाला त्याचाच भाऊबंद. कवच नसलेला मृदुकाय प्राणी आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज वेगळे होऊन ५० कोटींहून अधिक वर्षं झाली, तरी युक्ती तीच.

शंकेखोर

की दोघांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती शोधली? पोटॅशियम वाहिन्या सगळ्यांकडेच आहेत. उत्तेजना वाढवायची तर त्या बंद करणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. साम्यावरून लगेच वारसा काढू नये.

जुनी वही

मान्य. साम्य आहे इतकंच म्हणते.

निद्रानाश

पेशीचा आकार बदलतो का? मेंदूत नवीन फांद्या फुटतात असं नेहमी वाचतो.

रेणूवेडी

बदलतो, आणि अपेक्षेच्या उलट दिशेने! अल्कन यांच्या गटाने १९९० मध्ये बी पेशीत रंग भरून तिच्या टोकाच्या फांद्यांचा पसारा मोजला. शिकलेल्या प्राण्यांत तो आटोपशीर झालेला होता, पसरण्याऐवजी आवळलेला. ॲप्लिशियात दीर्घकाळ टिकणाऱ्या संवेदनवाढीत (त्रासदायक उद्दीपनानंतर प्रतिसाद वाढतो तेव्हा) पेशींमधल्या गाठींची संख्या वाढते, इथे फांद्या एकवटतात. "शिकलं की मेंदूत तारा वाढतात" हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. कधी वाढतात, कधी छाटल्या जातात.

पाणकावळा

अवांतर करतो, पण फार अवांतर नाही. तुम्ही सगळे "हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस" म्हणताय, पण हे नाव २०१६ पासून एवढं सरळ राहिलेलं नाही. लिंडसे आणि वाल्देस यांनी जनुकं आणि शरीररचना तपासून दाखवलं की या एका नावाखाली ३ जाती लपल्या होत्या. क्रासिकॉर्निस उत्तरेकडची, अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत. ओपॅलेसेन्स दक्षिणेकडची, कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत. आणि एमुराई पॅसिफिकच्या पलीकडची, जपान-रशियाच्या बाजूची. पहिल्या दोघी उत्तर कॅलिफोर्नियात काही भागात एकत्रही सापडतात. पाठीवरच्या नळ्यांवर पांढरी रेघ असेल तर क्रासिकॉर्निस, नसून टोकांनाच पांढरेपणा असेल तर ओपॅलेसेन्स, अशी ढोबळ ओळख.

प्रयोगशाळांतल्या बऱ्याच गोगलगायी कॅलिफोर्नियातून येत. मॉन्टेरे किंवा त्याच्या दक्षिणेला पकडलेल्या असतील तर त्या आजच्या हिशेबाने ओपॅलेसेन्स. ३०-४० वर्षांच्या शोधनिबंधांच्या मथळ्यात भलत्याच जातीचं नाव!

शंकेखोर

अरेरे. मग निष्कर्षांचं काय?

पाणकावळा

निष्कर्षांना धक्का लागत नाही, बी पेशीला आपलं नाव माहीत नसतं. पण दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर "प्राणी एकाच जातीचे होते का" हा प्रश्न आता विचारावा लागेल. आणखी एक अडचण: हे प्राणी समुद्रातून पकडून आणलेले असतात, त्यामुळे त्यांनी आधी काय पाहिलं, किती लाटा सोसल्या, याची नोंद नाही.

पानगळ

विषय थोडा वळवते. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, म्हणून विचारते. या संशोधनातून स्मरणशक्तीचं औषध निघालं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

समुद्रफेन

पानगळ, तुम्ही ब्रायोस्टॅटिनबद्दल वाचलं असावं. बुगुला नेरिटिना नावाच्या, दगडांना आणि बोटींच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या एका समुद्री जीवापासून ते मिळतं. मूळ अभ्यास कर्करोगासाठी झाला. ते प्रोटीन कायनेज सी जागं करतं, म्हणजे रेणूवेडींनी वर लिहिलेलं तेच विकर. म्हणून अल्कन यांच्या गटाने ते हर्मिसेंडाला अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं. २००६ च्या निबंधानुसार कमी शिकवणीतही आठवण जास्त टिकली.

पण तिथून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे. अल्झायमरच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, त्यातल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आधी ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. अल्झायमरवर मान्यता मिळालेलं हे औषध नाही. शिवाय मात्रेचं गणित नाजूक आहे: हे विकर थोडं जागं केलं तर एक परिणाम, जास्त वेळ जागं ठेवलं तर ते उलट कमी होत जातं. कुणी "समुद्री अर्क" म्हणून काही विकत असेल तर कृपया घेऊ नका, आणि चालू उपचारांबद्दल डॉक्टरांशीच बोला.

रेणूवेडी

+१. पाच पेशींच्या डोळ्यात जे चालतं ते लाखो पेशी मरत असलेल्या मेंदूत चालेलच असं नाही. आजारात आधी पेशीच जातात, त्यांची उत्तेजना वाढवून गेलेली पेशी परत येत नाही.

पानगळ

समजलं. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार दोघींचे.

निद्रानाश

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. शिकलेली गोगलगाय विसरते कशी? पोटॅशियमच्या वाहिन्या आपोआप पूर्ववत होतात का?

जुनी वही

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, नुसता काळ गेल्याने आठवण फिकी होणं. दुसरी, शिकवणी मोडणं: उजेड पुन्हा पुन्हा द्यायचा, पण फिरवायचं नाही. "उजेड आला तरी पाणी खवळत नाही" हे तिला कळू द्यायचं. याला विलोपन म्हणतात, आणि त्याने गोगलगाय पुन्हा उजेडाकडे जाऊ लागते.

सस्तन प्राण्यांत विलोपनाने जुनी आठवण पुसली जात नाही असं मानतात. तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि काही काळाने जुनी प्रतिक्रिया अचानक डोकं वर काढते. शिकवताना हा भाग मी विद्यार्थ्यांना दरवेळी बजावते. म्हणून गोगलगायीचं मला विशेष वाटलं. रिचर्ड्स, फार्ली आणि अल्कन यांनी १९८४ मध्ये पाहिलं की विलोपनानंतर बी पेशीची वाढलेली उत्तेजनाही खाली आलेली असते. फार्ली यांच्या गटाने पुढे हाच धागा उचलला, आणि त्यांचा कल खरोखरच पुसलं जाण्याकडे आहे: जुनी प्रतिक्रिया आपसूक परतलेली त्यांना दिसली नाही.

शंकेखोर

बी पेशीतून पुसलं गेलं म्हणजे सगळीकडून पुसलं गेलं असं नाही. समुद्रफेन यांनीच वर सांगितलं की मधल्या चेतापेशींतही बदल होतात. तिथे काय उरतं ते पाहिल्याशिवाय "पुसलं" म्हणायला मी तयार नाही. विलोपनानंतर पुन्हा शिकवलं तर ती पहिल्यापेक्षा लवकर शिकते का? लवकर शिकली तर कुठेतरी काहीतरी शिल्लक आहे.

समुद्रफेन

परीक्षा बरोबर सुचवलीत. आणि ती दोन ठिकाणी घ्यायला हवी: वागणुकीत, आणि बी पेशीचा तंतू कापून उरलेल्या एकट्या पेशीत. वागणूक लवकर परतली पण एकटी पेशी न शिकलेलीसारखीच वागली, तर शिल्लक आठवण डोळ्याच्या पुढच्या टप्प्यावर असणार. उलट निघालं तर डोळ्यातच. मधल्या चेतापेशींवरचे निबंध काढून ठेवले आहेत. रेणूवेडी, गाबावाला भाग तुम्ही घ्याल का? एकटीने उरकणार नाही.

रेणूवेडी

घेते. पण १९९२ चा उलटलेला गाबा विलोपनानंतर पुन्हा सुलटतो का, तिथूनच सुरुवात करणार.